टाळू

नौपाड्यात एका जिन्याखाली माझी लॅब.
दिवसभर मी परक्यांचे दात लावते
मेणात, एकेक करून.
माणसं मला दिसत नाहीत, फक्त त्यांचे जबडे येतात,
प्लॅस्टरचे, पाठीवर नंबर टाकलेले.

शिडवा भोये मात्र स्वतः आले.
येऊरहून, सकाळच्या पहिल्या बसनं,
खिशात चुन्याची डबी.
डबीत चुना नव्हता.
केळीच्या सोपटात गुंडाळलेली
पत्र्याची इवली चौकट, घोड्याच्या नालेसारखी,
तिच्यावर ताणून बसवलेलं रबर.
"हिला जागा ठेवा, बाय,
वरच्या कवळीत. दात गेले तशी
जिभेवरून घसरते."

मग ते स्टुलावर बसले
आणि मी न विचारता सांगू लागले.

रबर आधी उजेडाला धरायचं.
ठिपका दिसला की फेकायचं, जीव अडकवायचा नाही.
सायकलची ट्यूब जाड, ती नुसती खोकते.
फुगा दोन दिवस गातो, तिसऱ्या दिवशी रडतो.
नातू सिव्हिलला वॉर्डबॉय लागला तेव्हापासून
हातमोजा. बोटांचा नाय, तळहाताचा,
तिथं ताण सगळीकडून सारखा.
एक पदर मादीला, दोन पदर नराला,
वरच्या पदराला कडेला चीर,
कोकेत्रीच्या घशात खरखर असते तेवढीच.
"एक केस जास्त कापलंत
तर बदक होतं, बाय. रानात बदक कशाला?"

वापरून झाली की साध्या पाण्यातून काढायची.
सुपाच्या पाठीवर, सावलीत.
दोन पदरांच्या मधी आगकाडी ठेवायची
नायतर रातभरात चिकटतात,
"नवराबायकोसारखे. आणि मग बोलत नाय."
तंबाखूच्या तोंडात घालायची नाय.
उंदराला रबर आवडतं, म्हणून डबी.
दुसऱ्याच्या तोंडात द्यायची नाय,
पोराच्यासुद्धा.
पोरानं आपली आपण कापायची.

"अजून मारता?" मी विचारलं.
ते बोळकं उघडून हसले.
"फासे गार्डानं नेले. तेव्हा मला मिसरूड नव्हतं.
मी बोलावतो. ती येते. बघते. जाते."
थोडं थांबून म्हणाले,
"कुणीतरी बोलवायला पायजे ना."

त्या रात्री मी त्यांच्या टाळूवर काम केलं.
गुलाबी ॲक्रिलिक, दोन मिलीमीटर,
त्यात अर्ध्या मिलीमीटरची खाच.
मापाच्या कागदावर खाच नव्हती.
डॉक्टरांना मी सांगितलं नाही.
घासताना धूळ उडाली, नाकात गेली,
आणि मास्कच्या आत, कुणी नसताना,
मी जीभ टाळूला लावून पाहिली.
तिथं माझ्याकडे काहीच नव्हतं
कुणाला हाक मारण्याजोगं.

महिन्यानं ते परत आले.
कवळी बोचत नव्हती, भाकरी तुटत होती,
तरी तक्रार होती.
"आवाज फिरलाय.
पयल्यांदा ती जोडीदार समजून यायची, दबकत,
पानं न वाजवता.
आता भांडायला येते.
पिसं फुगवून, थेट माझ्या गुडघ्यापर्यंत.
तिला वाटतं, कोण परका घुसलाय
आमच्या रानात."

मी मशीन सुरू केलं, म्हटलं, द्या,
पाव मिलीमीटर खाली घेते.
त्यांनी तोंडावर हात धरला,
लहान पोरं औषधाला धरतात तसा.

"राहू द्या, बाय.
इतक्या जवळून
मी तिला कधी बघितली नव्हती."